सांगलीत ट्रकच्या स्लीपरची गादी करून घेतली, चार महिने वापरून लिहितोय

लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर, नवीन असाल आणि कंबर धरत असेल तर हे वाचा, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन-चार महिने वाचले असते.

मी आधी तासगाव भागात पिकअप चालवायचो, द्राक्षं, बेदाणा, जवळच्या जवळ भाडी, रात्री घरी झोपायला. मग दहा चाकीवर बसलो. सांगलीच्या मार्केट यार्डातनं हळद भरायची नाहीतर तासगावचा बेदाणा आणि दिल्ली, म्हणजे एका बाजूचेच सोळाशे-सतराशे किलोमीटर, धुळ्यावरनं सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असं. गाडी चालवायचं मला कधी अवघड गेलं नाही, अवघड गेलं ते झोपायचं. सीटच्या मागं जी फळी असते तिला स्लीपर म्हणायचं, रुंदी मोजून बावीस इंच, वर दोन इंची रेक्झिनची गादी आणि ती पण मधी बसलेली, खाली प्लायचा जोड बरोबर कुल्ल्याखाली यायचा. इंजिन केबिनच्या खालीच असतंय, त्यामुळं गाडी बंद केली तरी तास-दीड तास खालनं धग येत राहते, आणि रेक्झिन घामानं पाठीला चिकटतंय. कूस बदलायची म्हणजे आधी उठून बसायचं आणि मग वळायचं. पाच तास झोपून उठलो तरी अंगात दम नसायचा.

एकदा दिल्लीहून परत येताना खंबाटकी उतरलो, भुईंज सोडलं आणि पाचवडच्या अलीकडं पहाटे चारच्या सुमाराला माझा डोळा लागला. किती वेळ ते माहीत नाही. शेजारी आण्णा होते, आमच्यातले जुने ड्रायव्हर, त्यांनी स्टिअरिंगला हात घातला आणि ओरडले, डोळे उघडून बघतोय तर डाव्या बाजूचा कठडा हातभर लांब. आनेवाडी टोलच्या पुढं गाडी लावली आणि मी अर्धा तास नुसता बसून होतो. आण्णा रागावले नाहीत. म्हणले, "पोरा, तू मघाशी सहा तास आडवा होतास, झोपला नव्हतास. ती गादी बदल आधी." सांगलीत मारुती चौकाच्या आतल्या बोळात गाद्या शिवणाऱ्या चाचांचा पत्ता त्यांनीच दिला.

दुकानाला बोर्ड नाही. भिंतीवर २०१९ च्या पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, माझ्या छातीच्या वर आहे, विचारलं तर चाचा म्हणाले शिलाई मशीन तेवढी माळ्यावर टाकली होती म्हणून वाचली. एवढंच बोलले आणि परत कामाला लागले.

मला वाटलेलं माप सांगायचं, पैसे द्यायचे, गादी घ्यायची. चाचांनी माप घ्यायलाच नकार दिला. म्हणाले गाडी कुठं आहे ते सांग. संध्याकाळी स्कूटरवरनं मार्केट यार्डात आले, चप्पल खाली काढून केबिनमधी चढले, जुनी गादी उचलून बाहेर ठेवली आणि फळीवर हात फिरवत गेले, डोळे मिटून. एका ठिकाणी थांबले, माझा हात धरून तिथं ठेवला, एका बोल्टचं डोकं पाव इंच वर आलेलं. इतके महिने तेच माझ्या बरगडीत घुसत होतं आणि मी नुसती कूस बदलत होतो. मग वर्तमानपत्र पसरून फळीचा फर्मा कापला, कारण ती फळी दिसायला चौकोनी असली तरी ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा तिरका असतोय, सरळ गादी टाकली की तिथं दुमडते. मग मला म्हणाले झोप बेटा, जसा रोज झोपतोस तसा. मी कुशीवर झोपलो तर कमरेखालनं हात घातला, पंजा आरपार गेला. "इथं पोकळी आहे, रात्रभर कंबर हवेत असते तुझी," म्हणाले.

गादी अशी आहे: खाली एक इंच रिबॉन्ड, म्हणजे फोमच्या चुऱ्याचा दाबून केलेला कडक थर, त्याच्यावर तीन इंच ४० डेन्सिटीचा फोम. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोत वजन, हलक्या डेन्सिटीचा फोम दुकानात हाताला मऊ लागतो पण रोज माणूस झोपला की काही महिन्यात बसतो, ते तुम्ही नुसतं दाबून ओळखू शकत नाही म्हणून विचारून घ्या. मी जाड सहा इंची मागत होतो, चाचा नको म्हणाले, वरनं टपाला डोकं लागंल आणि उठून बसता यायचं नाही, ते बरोबरच निघालं. रेक्झिन पण त्यांनी घालू दिलं नाही. गादीपाटाची खोळ, चेन लावलेली, काढून धुता येते. फळी आणि गादीच्या मधी चंदेरी शीट टाकली, पत्र्याच्या शेडला आतनं लावतात ती. धग पूर्ण थांबत नाही, खोटं कशाला सांगू, पण मे महिन्यात सेंधव्याला पाठ भाजल्यासारखी व्हायची ती झाली नाही.

आणि दोन पट्टे, दप्तराला असतात तसल्या बक्कलचे. हे मला सुचलंच नसतं. इंजिनच्या कामाला अख्खी केबिन पुढं कलती करून पाडली की आतलं सगळं सुटं सामान काचेवर येतंय, गादीसकट. आता गादी जागची हलत नाही.

एकूण २९०० रुपये घेतले. दोन दिवसात देतो म्हणाले आणि पाच दिवस लावले, त्यात माझं एक भाडं गेलं, ह्याचा राग मला आला होता आणि तो मी त्यांना सांगितला पण. बाजूला सहा इंचाची घडीची पट्टी जोडून दिली होती, खांदा बाहेर लोंबू नये म्हणून, दोन सीटच्या मधल्या पेटीवर टेकते. कल्पना चांगली आहे पण दोन महिन्यात तिची शिलाई उसवली. एकदा फुकट शिवून दिली, नायलॉनच्या दोऱ्यानं, आता परत एका टोकाला सुटायला लागलीय. तिथं बिजागरीसारखं कापड दुहेरी पाहिजे असं माझं मत आहे.

झोपेचं म्हणाल तर आठ ट्रिपा झाल्या आणि कंबर सकाळी धरत नाही. आधी पाच तासात चार वेळा जाग यायची, आता एकदा येते, ती पण ट्रक शेजारी येऊन लागला तर.

१९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांच्या कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि दोन ड्युट्यांच्या मधी सलग नऊ तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. लाइनवर नऊ तास कुणाला मिळतात सांगा. चार मिळतात, नशीब असलं तर सहा. मग ते चार तरी पूर्ण झोपेचे नकोत का. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकना केबिनला एसी सक्तीचा झालाय, चांगलंच झालं, पण आमची गाडी जुनी, आणि एसी असला तरी तो इंजिन चालू असल्यावर चालणार, रात्रभर डिझेल जाळायला कुठला मालक देतो. म्हणून म्हणतो मालकाची वाट बघू नका, मी माझ्या पैशानं केली आणि गाडी सोडली तर बरोबर घेऊन जाणार.

नवीन पोरांनी अजून दोन गोष्टी करा. फॅन घेताना २४ व्होल्टचाच मागा, कारचा १२ चा जोडला की जळतो. आणि रात्री गाडी लावताना जमिनीचा उतार बघा, स्लीपर आडवा असतोय, गाडी एका बाजूला कलली असली तर डोकं खाली पाय वर होतात आणि सकाळी डोकं जड येतं. पाण्याची बाटली डॅशबोर्डवर तोंड काचेकडं करून आडवी ठेवली की कळतंय कुठं घरंगळते ते, त्याच्या उलट्या बाजूला उशी.

माझ्या गाडीचा फर्मा चाचांनी नाव लिहून खिळ्याला अडकवून ठेवलाय. तेच मॉडेल असेल तर गाडी न्यायची गरज नाही, पण तरी न्या, तुमच्या फळीत बोल्ट कुठं आहे ते त्यांचा हातच सांगंल. परवा हळद भरतोय, त्याच्या आधी पट्टी घेऊन बोळात जाऊन येणार.