गाडीचा वळसा आणि चुकीच्या बाजूचा कट्टा

दक्षिण कोकणातील आमच्या तालुक्याच्या गावी नव्याने बांधलेले बसस्थानक मी गेले वर्षभर जवळजवळ रोज वापरतो. त्याचे एक सुख मोठे आहे, ते म्हणजे येथे गाडी मागे घ्यावी लागत नाही. जुन्या जागी वाहक खाली उतरून गाडीची पाठ थोपटत ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत असे आणि मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायकांना दर फेरीला उठावे लागे. आता गाडी एका फाटकातून आत येते, मधल्या जांभ्याच्या कट्ट्याला वळसा घालते आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडते.

रुळांवरच्या ट्रामला जागच्या जागी फिरता येत नाही. म्हणून तिच्या शेवटच्या थांब्यावर रुळांचाच वळसा तरी लागतो, नाहीतर दोन्ही टोकांकडून चालणारी गाडी तरी. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, तरी दादरच्या ‘टीटी’त ट्राम टर्मिनस अजून नावापुरते उरले आहे. बसचे चाक कुठेही वळते. त्यामुळेच की काय, वळणाचा विचार आपल्याकडे सगळ्यांत शेवटी होतो.

येथे तो निम्माच झाला आहे. छप्पर आणि बाके मधल्या कट्ट्यावर आहेत, गाडी मात्र कट्टा उजव्या हाताला ठेवून फिरते आणि तिचे दार डावीकडे उघडते. म्हणजे कोरड्यात बसलेल्या प्रवाशाने गाडी लागताच पावसात उतरायचे, तिच्या तोंडासमोरून पलीकडे जायचे आणि मग चढायचे. जुलैत मुक्कामाच्या गाडीसाठी मी असाच धावलो, तेव्हा मागून आलेल्या दुसऱ्या गाडीच्या चालकाने करकचून ब्रेक दाबला. माझी छत्री उलटी झाली आणि पिशवीतली कोकमे चिखलात सांडली. चालकाचा त्यात काहीच दोष नव्हता.

स्वच्छतागृह बरे आहे, चहा पातळ आहे, आणि गाड्यांच्या पाट्या पुसट असल्या तरी वाचता येतात. बाकांसाठी मात्र नव्या खर्चाची गरज नाही. आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे फाटक आपसांत बदलले, तर गाडी उलटी फिरेल, कट्टा डावीकडे येईल आणि दार थेट बाकांसमोर उघडेल. हे मी तक्रार पुस्तिकेत आकृती काढून लिहिले आहे. पान ओले झाल्याने बाण थोडे पसरले आहेत.