लाल रंग: किड्यांचा की बुरशीचा?

कारमाइन म्हणजे निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल खाद्यरंग, मुख्यतः पेरू देशातला. किलोभर वाळल्या मालासाठी लाखाहून जास्त किडे लागतात. रंग मात्र चिवट, ऊन आणि उष्णता दोन्ही सोसतो. शाकाहारी असाल तर पाकिटावर ई १२० हा कारमाइनचा क्रमांक दिसताच थबका.

मोनास्कस बुरशीला वाढायला शिजवलेला तांदूळ पुरतो. दाणे गडद लाल होतात. चीनमध्ये शतकानुशतकं मद्य आणि आंबवलेलं टोफू असंच रंगतं. पण हा रंग उजेडात फिकटतो. त्याहून वाईट म्हणजे बुरशीचे काही वाण रंगासोबत सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक विषही बनवतात. युरोप-अमेरिकेत बुरशीच्या या रंगाला खाद्यरंग म्हणून मान्यता नाही. वाण सिट्रिनिनमुक्त असेल, तर सॉसेजसाठी माझं मत बुरशीला. पारदर्शक डब्यातल्या दह्याला मात्र कारमाइनच.