आर्वीचे म्हणून दाखवलेले बैल ओंगोलचे निघाले

पेरणी आटोपली, डवरणी तोंडावर आली आणि आमच्या मोठ्या बाबांचा एक बैल दगावला. यवतमाळ जिल्ह्यात त्या दिवसांत धड जोडी मिळणं मुश्कील. त्यात फेसबुकवर एक जोडी दिसली: पांढरीशुभ्र, उंचपुरी, 'अस्सल गवळाऊ, आर्वी, जि. वर्धा', ८५ हजार. गवळाऊ ही वर्ध्याकडची बैलांची जात. भाव कमी होता, पण संशय यावा इतकाही नाही. विकणारा गोड बोले, बोलता बोलता हेटीकुंडीच्या गवळाऊ पैदास केंद्राचं नाव घेई. "काकाजी, दुसरे गिऱ्हाइकं लागून आहेत, इसार टाका, जोडी धरून ठेवतो." आधी इसार, मग गाडीभाडं, मग डॉक्टरच्या दाखल्याचे पैसे, असे २१ हजार गेले. गाडी 'देवळीपर्यंत आली' आणि फोन बंद.

पण ही झाली नेहमीची ठकबाजी. मला सांगायचं आहे ते वेगळं. पैसे पाठवण्याआधी मोठ्या बाबांच्या नातवानं तो फोटो गूगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सोयीवर, टाकून पाहिला होता! नुसते पांढरे बैल आले, हा फोटो कुठंच नव्हता. म्हणजे फोटो यांचाच, असं समजून सगळे निर्धास्त झाले.

नंतर फोटो मोठा करून बघताना गोठ्याच्या कोपऱ्यात ढेपेचं पोतं दिसलं. त्यावरचा ५० चा आकडा उलटा होता. म्हणजे आरशात दिसावी तशी फोटोची बाजू पलटवलेली. असं केलं की शोध बऱ्याचदा हुकतो, हे ठगाला पक्कं ठाऊक असणार. गॅलरीतल्या एडिटमध्ये फोटो पुन्हा पलटवला, तर पोत्यावरची गिचमिड अक्षरं चक्क तेलुगू निघाली. आदिलाबाद आम्हाला जवळ, तिथल्या पाट्या पाहिलेल्या, म्हणून ओळखू आली. मग वरखाली छापलेला मजकूर कापून फक्त बैल आणि पोतं ठेवलं, शोधलं आणि मूळ फोटो सापडला: आंध्रातले ओंगोल बैल, दगड ओढायच्या शर्यतीतले, फोटो कितीतरी वर्षांचा जुना. गवळाऊ आणि ओंगोल दिसायला बरेच सारखे, पण ओंगोल अंगानं भारी. मोठे बाबा म्हणाले, "मले जडच वाटले होते, पण म्हटलं खुराक चांगला असन."

फोटो शोधायच्या टिनआय नावाच्या साइटवर सर्वांत जुना निकाल आधी लावता येतो. मात्र तिथली तारीख ही त्या साइटला फोटो पहिल्यांदा दिसला तेव्हाची असते, काढल्याची नव्हे. व्हिडिओ आला असेल तर थांबवून दोन-चार ठिकाणचे स्क्रीनशॉट काढा आणि तेच शोधा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्येच फिरलेला फोटो मात्र यातल्या कशातही सापडत नाही. एआयनं बनवलेल्या फोटोचं तर मूळच नसतं, शोधणार काय? म्हणून काही सापडलं नाही तर फोटोला खरं मानू नका, नवा मागा. बैलाच्या कानातला पिवळा बिल्ला, त्यावरचा १२ आकडी नंबर वाचता येईल असा, आणि शेजारी विकणारा स्वतः उभा. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे खऱ्या मालकाला राग यायचं कारण नाही. नंबर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून नोंद तपासून घ्या. आमच्या ठगानं नेमका कानावरच आपला मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत छापला होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार दिली, पण आधी शरमेपायी घरात कुणी बोललंच नाही. तोवर खातं रिकामं झालेलं. पैसे गेल्याबरोबर फोन केला तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची आशा तरी असते.

तोच फोटो आता वाशिमकडच्या एका ग्रुपात 'खिल्लार जोडी' म्हणून फिरतो आहे. दोन पांढरे बैल, लाल कासरा, मागं कौलारू गोठा, डाव्या कोपऱ्यात ढेपेचं पोतं. भाव या वेळी ७० हजार लावलाय.