एफ-३० पिन गनचं दुरुस्ती किट: रिंगा पक्क्या, बंपर कच्चा

ज्यांची एफ-३० गन, म्हणजे लाकडात बारीक पिना ठोकणारी कंप्रेसरच्या हवेची गन, हवा सोडते, पिन अर्धी वर ठेवते किंवा ट्रिगर दाबूनही गप्प राहते, त्यांनी नवीन गन घेण्याआधी हे वाचावं. मी लिहितोय ते साध्या, बिनकंपनीच्या ओ-रिंग किटबद्दल, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी रिंगांच्या संचाबद्दल. पारदर्शक पिशवीत येतं, वर फक्त ‘एफ-३०’ छापलेलं असतं. मला २८० रुपयांना पडलं. त्यातल्या रिंगा पक्क्या आहेत, ट्रिगर व्हॉल्व्ह चांगला आहे, बंपर (पिस्टनचा धक्का झेलणारी गादी) कच्चा आहे. तरीही मी हे किट परत घेईन. का, ते सांगतो.

माझं काम ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावात, आंदणाच्या फर्निचरचं. दिवाण, आलमारी, ड्रेसिंग टेबल. चौकट सागवानाची, बाकी प्लाय आणि सनमायका. सनमायकाच्या कडेला सागाची बीडिंग मारायची तर एफ-३० शिवाय आता होत नाही. १८ गेजची पिन, १० ते ३० मिमी लांबीची. डोकं इतकं बारीक की जरा लांबी (भोक बुजवायची पुट्टी) लावून पॉलिश मारलं की शोधूनही सापडत नाही. हातोडीनं तीच पट्टी ठोकली की बारीक साग फाटतो. म्हणून ही गन ऐन लग्नसराईत बंद पडली की पॉलिशवाला बसून राहतो आणि मुलीचा बाप रोज फोन करतो.

यावेळी ती एप्रिलमध्येच बिघडली. काम शिकणारा पोरगा म्हणाला, “काकाजी, गन फुसफुस करून राहिली.” मी त्याला विचारलं, “कुठून?” माझ्या मते गन दुरुस्तीतलं निम्मं काम या एका प्रश्नात आहे. हवा कुठून जाते हे कळल्याशिवाय किट उघडायचंच नाही.

गनच्या आत काय घडतं ते एकदा समजून घ्या. दांड्यात हवा भरून उभी असते. ट्रिगर दाबला की वरच्या हेड व्हॉल्व्हच्या डोक्यावरची हवा निघून जाते, व्हॉल्व्ह उचलला जातो आणि दांड्यातली सगळी हवा एकदम सिलिंडरमध्ये पिस्टनवर पडते. पिस्टनला खाली पोलादी पत्ती असते, ती पिन ठोकते. पिस्टन खाली बंपरवर आदळतो. खाली जाताना थोडी हवा सिलिंडरच्या छिद्रांतून बाजूच्या पोकळीत साठते. ट्रिगर सोडला की तीच हवा पिस्टनला परत वर ढकलते. एवढंच यंत्र आहे. मोटर नाही, वायर नाही. सगळा खेळ रबराच्या रिंगांचा.

आता नळी लावा, पिना मात्र काढून ठेवा, आणि कान द्या. गन नुसती धरलेली असताना ट्रिगरपाशी हवा येत असेल तर ट्रिगर व्हॉल्व्हची बारीक रिंग गेली. नुसती धरलेली असताना वरच्या एक्झॉस्टमधून (वापरलेली हवा बाहेर पडायचं तोंड) येत असेल तर हेड व्हॉल्व्हची रिंग. ट्रिगर दाबून धरल्यावर पुढच्या नाकातून हवा सुटत असेल तर पिस्टनची रिंग किंवा बंपर. पिस्टन खाली जाऊन तिथेच अडकत असेल तर बंपर फुगलाय, नाहीतर परतीची हवा अडवणारी सिलिंडरवरची रिंग ढिली झालीय. आवाजावरून नक्की कळलं नाही तर साबणाचा फेस बोटानं जोडांवर लावायचा. जिथे फुगे येतील तिथे दोष. गन पाण्यात बुडवू नका.

माझ्या गनमध्ये दोन ठिकाणी दोष होता, ट्रिगरपाशी आणि एक्झॉस्टला. किटमध्ये दोन्हीच्या रिंगा होत्या.

उघडायची पद्धतही सांगतो, कारण किटसोबत एक कागदही येत नाही. नळी काढा. मगच अ‍ॅलन की हातात घ्या, हे कधीच सोडू नका. नळी काढली तरी मॅगझिनमधल्या पिना बाहेर काढायच्या. वरच्या झाकणाचे स्क्रू तिरपे-तिरपे करून थोडे थोडे ढिले करा. आत स्प्रिंग असते, ती उडून भुशात हरवली तर दिवस जातो. प्रत्येक भाग निघतो त्या क्रमानं पांढऱ्या कपड्यावर मांडा आणि मोबाइलवर फोटो काढा. जुनी रिंग आणि नवी रिंग शेजारी ठेवून व्हर्नियरनं जाडी ताडून घ्या. किटमधल्या रिंगांबद्दल माझं चांगलं मत इथेच झालं. जाडी आणि आतला व्यास जुन्यांशी जुळले. मोटरपंपाच्या दुकानात मिळणारी ‘तेवढीच दिसणारी’ रिंग बसते खरी, पण जाडीत जरासा फरक असला तरी पिस्टन जड चालतो किंवा हवा सुटत राहते. म्हणून सुट्या रिंगा गोळा करण्यापेक्षा किटच घ्या.

बसवताना रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. कोरडी रिंग सिलिंडरच्या काठावर कापली जाते. झाकण परत लावताना गॅस्केटची छिद्रं जुळतायत का ते बघा, स्क्रू पुन्हा तिरपे आवळा. पहिली चाचणी ६० पीएसआय प्रेशरवर, भंगार प्लायवर.

एका गोष्टीबद्दल मला फार वाईट वाटतं. आमच्या भागात गन बिघडली की लोक ती पंक्चरवाल्याकडे किंवा पंप दुरुस्तीवाल्याकडे देतात. माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीची चांगली गन अशीच एका मेकॅनिकनं एनसी थिनरमध्ये धुवून दिली. पॉलिशच्या कारखान्यात थिनर हाताशी असतो, मळ झटकन निघतो, त्यामुळे मोह होतो. पण या रिंगा नायट्राइल रबराच्या असतात आणि थिनरमधल्या टोल्युइन-अ‍ॅसिटोननं त्या फुगतात. गन घरी आली तेव्हा पिस्टन हलत नव्हता. माणूस समजला गन मेली, आणि नवीन घेतली. मी जुनी मागून घेतली, हेच किट टाकलं, आज ती चालतेय. मळ काढायला सुकं कापड आणि एअर टूल ऑइलचे दोन थेंब पुरतात. थिनर नको.

आता बंपर. किटमधला बंपर रबराचा, काळा, दाबून बघितला तर जास्त कडक. बसवला तेव्हा चांगला चालला. लग्नसराई संपता संपता पिना परत वर राहायला लागल्या. उघडून बघितलं तर बंपरला चीर, आणि एक तुकडा पिस्टनखाली. बंपर तुटला की पिस्टन पुरता खाली जात नाही, आणि तसंच चालवत राहिलं तर धातू धातूवर आदळून गनचं नाकच जातं. मी मग पॉलियुरेथेनचा बंपर वेगळा घेतला. तो अजूनही शाबूत आहे. किट विकणाऱ्यांनी दहा-वीस रुपये वाढवावेत, पण बंपर असाच द्यावा.

पिस्टनची पत्ती किटमध्ये नसते, हे घेण्याआधी लक्षात असू द्या. पत्तीचं टोक झिजून गोल झालं की ते पिनेच्या डोक्यावरून घसरतं, दोन पिना एकदम अडकतात, लाकडावर ओरखडा पडतो. बारीक कानशीनं टोक चौकोनी करता येतं, पण प्रत्येक वेळी पत्ती थोडी आखूड होते आणि पिन तेवढी वर राहते. एकदा घासा. त्यानंतर पत्तीसकट नवीन पिस्टनच घ्या.

रिंगा इतक्या लवकर का जातात, याचं उत्तर आमच्या हवेत आहे. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांवर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, कंप्रेसरशेजारी, गन हातात धरवत नाही. तेल वाळतं, रबर कडक होतं. सकाळी काम सुरू करताना हवेच्या तोंडातून तेलाचे दोन-तीन थेंब टाकायचे, दुपारी परत. पावसाळ्यात उलट त्रास. धानाच्या पट्ट्यातली हवा ओली, कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि ते नळीतून गनमध्ये येऊन स्प्रिंगला गंज चढवतं. संध्याकाळी टाकीखालचा नळ उघडून पाणी काढून टाकायचं, आणि जमलं तर नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर लावायचा.

प्रेशरबद्दलही बोललं पाहिजे. या गनला ६० ते १०० पीएसआय, म्हणजे साधारण ४ ते ७ बार पुरतात. कंप्रेसर त्याच्या वर जाऊन थांबतो, म्हणून मध्ये रेग्युलेटर हवाच. पिन वर राहते म्हणून प्रेशर चढवत जाणारे मिस्त्री मी पाहिलेत. दोष रिंगेत असताना प्रेशर चढवलं तर राहिलेल्या रिंगाही जातात. आणि हवेच्या जागी गॅस कटिंगचा ऑक्सिजन सिलिंडर गनला कधीही लावू नका. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की स्फोट होतो, माणूस जातो.

किट आमच्या तालुक्यात मिळत नाही. मी नागपूरला इतवारी बाजारातून आणलं. २०१९मध्ये ब्रॉडगेजसाठी नागपूर-नागभीड छोटी रेल्वे लाइन बंद झाली, तेव्हापासून २८० रुपयांच्या किटसाठी शंभरावर किलोमीटर बसनं जाणं परवडत नाही. म्हणून कुणी गावचं नागपूरला निघालं की मी दोन किट सांगून ठेवतो. दुकानात मागताना गनचा मॉडेल नंबर सांगा, नुसती ‘पिन गन’ म्हणू नका. एसटी-६४ ही काँक्रीटची गन वेगळी, १०२२ चा स्टेपलर वेगळा, आणि त्यांच्या रिंगा एकमेकींना चालत नाहीत. जमलं तर जुनी रिंग खिशात घेऊनच जा. पॉलियुरेथेनचा बंपर त्याच वेळी मागा, तो किटच्या बाहेर सुटा मिळतो.