स्पेक्ट्रम आणि व्हिडिओ गेम : आठ महिन्यांनंतर

आमच्या लहानपणी व्हिडिओ गेममध्ये खुपसायच्या त्या पिवळ्या डबीला सगळी पेठ 'कॅसेट' म्हणायची. आता घरात झेडएक्स स्पेक्ट्रम हा टीव्हीला जोडायचा जुना इंग्लिश कॉम्प्युटर आहे, त्याला खरोखरची गाण्यांची असते तसली कॅसेट लागते. 'कॅसेट लाव' म्हटलं की मुलगी विचारते, "कुठली?"

48 केबी मेमरीचा स्पेक्ट्रम, रबरी कळांचा, 1982 सालचं मॉडेल, मावसभावाने इंग्लंडहून आणला. दुसरा म्हणजे व्हिडिओ गेम, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी गेमची नक्कल, रविवारी जुन्या बाजारात घासाघीस करून घेतला.

व्हिडिओ गेमचं काय सांगायचं? बटण दाबलं की मारिओ पळायला लागतो. फक्त आपल्याकडचं मशीन 50 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 50 चित्रं दाखवणारं, आणि खेळ 60 साठी लिहिलेला, म्हणून तो जरा जेवून पळतोय असं वाटतं. गंमत म्हणजे या मशीनची मेमरी फक्त 2 केबी. पण 40 केबीचा अख्खा मारिओ डबीतल्या चिपमधून थेट वाचला जातो आणि पडदा सरकवायला वेगळी चिप आहे. स्पेक्ट्रमकडे 48 केबी असूनही ते सगळं काम बिचाऱ्या झेड-80 ला, म्हणजे त्याच्या मुख्य चिपला, एकट्याने ओढावं लागतं. रंगांचंही तेच, 8 बाय 8 ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग, त्यामुळे माणूस झाडामागून गेला की तोही हिरवा.

शिवाय लोड व्हायला पाच मिनिटं. कॅसेटवर खेळ आवाजाच्या रूपात असतो; मी तो आवाज टेपऐवजी मोबाईलवरून देतो, फुल व्हॉल्यूम. चौथ्या मिनिटाला सासूबाईंचा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून.

घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: स्पेक्ट्रमचा अडॅप्टर 9 व्होल्टचा, पण पिनेच्या आत ऋण, बाहेर धन. नेहमीचा लावू नका. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकाने वायरी उलट करून दिल्या. त्याच दुकानदाराने व्हिडिओ गेम उघडला, चिपेवरचा काळा डांबरी थेंब बघितला आणि न बोलता झाकण लावलं. व्हिडिओ गेम बिघडला की संपला.

तरी मी स्पेक्ट्रमच्या बाजूने. सुरू केल्यावर तो कंपनीच्या नावाची एक ओळ सोडून काही दाखवत नाही, आपणच काहीतरी लिहायचं असतं. मुलीने तीन ओळींत 29 चा पाढा छापला. तिला स्वतःला तो येत नाही, ही वेगळी गोष्ट.

गेल्या आठवड्यात स्पेक्ट्रमच्या कळांखालच्या पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यावरची, वीज वाहणारी एक रेघ तुटली आणि वाय ते पी अशा पाच कळा एकदम गेल्या. खेळ लोड करायला जी आज्ञा लिहायची तिच्यातली अवतरणचिन्हं पी वरच असतात. नवा पडदा येईपर्यंत मारिओच.