जुन्या पिकअपचं लोंबलेलं छत: दहा महिने आणि एक पावसाळा झाल्यावर

आमची डबल कॅबिन पिकअप २०१० सालची. गोव्यातल्या पेडण्याहून म्हापशाला नारळ, मार्च-एप्रिलमध्ये काजू, मधूनच बांद्याहून खताची पोती असा तिचा संसार. इंजिनाने कधी फार छळलं नाही. छळलं ते आतल्या कापडी छताने.

सुरुवात मागच्या सीटवरून झाली. मुलगी म्हणाली, "बाबा, केसांना काहीतरी लागतंय." वळून बघितलं तर मधल्या लाइटच्या मागे कापड पोळीसारखं फुगलेलं. हात लावला की वर जायचं, हात काढला की परत खाली. पुढच्या चवथीपर्यंत ते इतकं उतरलं की आरशात मागची काच दिसेना, फक्त कापड दिसायचं. घरात गणपतीवर माटोळी (वर टांगलेली फळापानांची आरास) आणि गाडीत आमच्यावर माटोळी, असा विनोद घरात सगळ्यांनी करून झाला.

मग नेहमीचे उपाय. आधी सेफ्टी पिना. पिना टिकतात, पण दोन पिनांच्या मधलं कापड झोळीसारखं लोंबतं आणि एखादी पिन उघडली की डोक्याला टोचते. नंतर मी कापडाला छोटा छेद देऊन आत गमचा स्प्रे मारला आणि तळव्याने दाबून धरलं. तीन आठवडे झकास. मग एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भर दुपारी काचा बंद करून गाडी उन्हात ठेवली. परत आलो तर अख्खं कापड मच्छरदाणीसारखं स्टिअरिंगवर आलेलं आणि सीटवर पिवळट भुकटी सांडलेली.

त्या भुकटीकडे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं. छत म्हणजे वर एक दाबून आकार दिलेला बोर्ड असतो, त्याला कापड चिकटवलेलं. पण कापड थेट बोर्डाला चिकटलेलं नसतं. मध्ये तीनेक मिलिमीटरचा फोमचा थर असतो. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन तो फोम आतून तुटत जातो आणि त्याचं पीठ होतं. म्हणजे गम सुटलेला नसतो, फोम मेलेला असतो. आपण वरून कितीही भारी गम मारला तरी तो चिकटतो त्या पिठाला, आणि पीठ कशाला धरून राहणार? म्हापशाच्या एका वयस्क कुशनवाल्याने कापड बोटाने जरासं ओढलं, भुकटी अंगठ्याने चोळली आणि एवढंच म्हणाला, "पात्राव, हें चिकटचें ना." म्हणजे, साहेब, हे चिकटणार नाही. माझे तीन आठवडे आणि गमचा एक डबा त्याने एका वाक्यात निकालात काढला.

दुसऱ्या एका दुकानात, बोर्ड न काढता जुन्या कापडावरच रेक्झिन ताणून कडेने पट्ट्या मारून देतो, असं सांगितलं. स्वस्त आणि दोन तासांचं काम. मी नको म्हटलं. आत पीठ तसंच, वर रेक्झिनचं वजन आणि मध्ये ओल कोंडणार. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथे ओल कोंडेल असं काहीही करू नये.

शेवटी फेब्रुवारीत मी आणि मेव्हण्याने घरीच काम काढलं. आधी बॅटरीची वायर सोडवली. सनव्हायझर, हाताला धरायची हँडल, मधला लाइट, खांबांवरची प्लास्टिकं आणि दारांची रबरं काढली. आमच्या गाडीत बाजूच्या पडदा एअरबॅग नाहीत म्हणून आम्ही हात घातला. ज्यांच्या गाडीत आहेत त्यांनी हे काम माहितगाराकडेच द्यावं. क्लिपांपैकी पाच तुटल्या. तुटणारच, त्या आधीच आणून ठेवा.

बोर्ड बाहेर काढणं हे सगळ्यात वाईट. पुढची डावी सीट पूर्ण आडवी करून तिरका करत दारातून काढला, आणि "भावोजी, सावकाश" असं मेव्हणा म्हणेपर्यंत व्हायझरच्या कोपऱ्यात कडकन आवाज आला. इंचभर तडा. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा एक ओळखीचा शापोऱ्याच्या जेटीवर असतो, त्याच्याकडून मूठभर फायबर मॅट आणि रेझिन आणलं आणि मागच्या बाजूने लावलं. आज तो कोपरा बाकीच्या बोर्डापेक्षा मजबूत आहे. किनाऱ्याजवळ राहण्याचे असेही फायदे असतात.

मग सफाई. खरं काम हेच, आणि आळस होतो तोही इथेच. जुना फोम नायलॉनच्या ब्रशने घासून काढायचा. पत्रीने खरवडलं तर बोर्डाला खड्डे पडतात आणि नंतर कापडातून ते एकूण एक दिसतात. तोंडाला मास्क हवाच. पूर्ण बाह्यांचा शर्टही घाला, कारण बोर्डात काचतंतू असतात. मी अर्ध्या बाह्यांत बसलो आणि दोन दिवस हात खाजवत होतो. साडेतीन तास लागले. बोर्डावरून तळवा फिरवला की हाताला काही लागायला नको, तोपर्यंत घासायचं.

बोर्ड निघाल्यामुळे आणखी एक गोष्ट कळली. पुढे अँटेनाच्या बुडाशी पत्र्यावर गंजाचा ओघळ होता आणि बरोबर त्याच्याखाली बोर्डावर चहा सांडल्यासारखा डाग. म्हणजे पुढच्या भागात फोम लवकर जायला पाणीही कारण होतं. अँटेनाचं रबर वाळून चिरलेलं. नवीन रबर घातलं, गंज घासून प्रायमर मारला आणि छतावर पाइपने दहा मिनिटं पाणी सोडून आत टॉर्च लावून बघितलं. हे केल्याशिवाय नवीन कापड लावू नका, नाहीतर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

कापड फोमवालंच घेतलं, पाच फूट पन्ह्याचं, तीन मीटर. अडीच मीटर लागलं. साधं कापड नुसतं लावलं तर बोर्डाचा प्रत्येक उंचवटा दिसतो. गम मात्र उष्णता सोसणाराच हवा, कारण बंद गाडीत छताखाली साठ-सत्तर अंश सहज होतात आणि साधा स्प्रे तेवढ्यात मऊ पडतो. आम्ही कुशनवाले वापरतात तो रबरी गम घेतला. बोर्डाला ब्रशने आणि फोमला रोलरने पातळ, दोन्हीकडे. पहिल्या फूटभर भागात मी फोमला जरा सढळ हाताने लावला, तर तिथे गम कापडापर्यंत उतरून डाग पडला. तो आज व्हायझरमागे लपलाय म्हणून बरं. लावल्यावर लगेच चिकटवायचं नाही. बोट टेकवलं की चिकटायला हवं, पण उचलल्यावर तार सुटता कामा नये. पाक करताना आपण एकतारी बघतो, इथे तार संपलेली बघायची.

कापड अर्धं दुमडून मध्यापासून सुरुवात केली आणि तळव्याने बाहेरच्या बाजूला दाबत नेलं. लाइटच्या खळग्यात कापड आधी आत बसवायचं आणि मगच पुढे जायचं. वरून ताणून नेलं तर खळग्यावर पूल तयार होतो आणि पुढे तिथूनच कापड सुटायला लागतं. कडेला दीड इंच सोडून ते मागे दुमडून चिकटवलं.

आता चूक सांगतो. पुढचा अर्धा भाग सकाळी दहानंतर, ऊन आल्यावर झाला. मागचा शेवटचा वीतभर भाग राहिला तो संध्याकाळी साडेसहाला उरकला. फेब्रुवारीत आमच्याकडे संध्याकाळीच दव धरायला लागतं. गममधलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतला बाष्पाचा पापुद्रा त्याच्यावर बसतो आणि पकड कमी होते. मेव्हणा म्हणत होता, उद्या करू. मी ऐकलं नाही.

मार्च ते मे छताने काहीच कुरकुर केली नाही. गमचा वास पंधरा दिवस होता. मग काजूचा हंगाम आला, मागच्या सीटवर बोंडूंच्या पाट्या ठेवल्या आणि गमचा वास कायमचा गेला. बोंडूंचा मात्र नव्या कापडाने छान धरून ठेवलाय, अजून सकाळी दार उघडलं की येतो. मेमध्ये त्याच शुक्रवारच्या बाजारात, त्याच उन्हात, मुद्दाम काचा बंद करून गाडी ठेवली. परत येऊन आधी वरच बघितलं. कापड जागच्या जागी.

बोर्ड खाली होताच म्हणून पत्र्याला आतून ब्यूटाइलच्या (चिकट रबराच्या) अ‍ॅल्युमिनियमवाल्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्याचा फरक जूनमध्ये कळला. आधी जोराच्या पावसात फोनवर बोलता यायचं नाही, आता येतं. गारवा वगैरे वाढला असं मात्र मला वाटत नाही, तसं कुणी सांगितलं तर थोडं सोडून द्या. तागाचं किंवा नमद्याचं अस्तर घालायचा सल्ला मिळाला होता, तो टाळला याचं जुलैमध्ये समाधान वाटलं. त्या महिन्यात घरात चपलांनाही बुरशी आली, छताला एक ठिपका नाही. अँटेनाखाली डाग परत आला नाही.

ऑगस्टमध्ये मात्र मागच्या काचेवरची कडा सुटली. साधारण हातभर लांब, बोटभर रुंद. तोच संध्याकाळचा वीतभर. बाकी कुठेही फुगा नाही.

रंग चुकला हे आणखी एक. आधीच्याच फिकट राखाडीच्या हट्टाने फिकट कापड घेतलं. आमच्याकडची तांबडी माती ज्यांना माहीत आहे ते आत्ताच हसत असतील. हँडलच्या बाजूला बोटांचे ठसे उमटलेत. ओल्या फडक्याने हलकं टिपलं तर निघतात, घासलं तर फोम दबून चट्टा पडतो. गडद राखाडी घ्या.

एकूण खर्च कापड, गम, क्लिपा, पट्ट्या आणि रेझिन धरून चार हजारांच्या आत, त्यात सगळ्यात महाग पट्ट्याच. वेळ दोन पूर्ण दिवस, आणि दोन माणसं लागतातच. घरी उघडा व्हरांडा नसेल तर करू नका. गमच्या वाफा डोक्यात जातात आणि पेटही पटकन घेतात. आमची आई चुलीवर पाणी तापवत होती, तिला आधी चूल विझवायला लावली. त्यावरून जे ऐकलं ते वेगळं.

मागची कडा आता जानेवारीत करणार आहे. त्यासाठी अख्खा बोर्ड उतरवावा लागत नाही. मागचं रबर आणि दोन क्लिपा काढल्या की कडा हातात येते. जुना गम थिनरने पुसायचा, नवीन लावायचा, ऊन वर आल्यावर. उरलेला डबा काल उघडून बघितला तर आत दगड झालाय, तेव्हा तोही नवीन आणावा लागणार.