रात्र काढायची तर कॅन बरा का चहा?

भाचा यंदा मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी लातूरला गेलाय. परवा फोनवर म्हणतो, मामा, रूमवरची सगळी पोरं एनर्जी ड्रिंकचे कॅन पितात, मी पण आणू का चहाच बरा? मी त्याच ट्यूशन एरियात दोन वर्षं काढलीत, दोन्ही पिऊन बघितलंय, म्हणून त्याला सांगितलं तेच इथं लिहितो.

कॅन काम करतो, खोटं कशाला बोलू. फोडला की थोड्या वेळात डोळे टक्क, टपरीपर्यंत जायचं नाही का भांडं घासायचं नाही. चहाचं तसं नाही, थर्मासमधला चहा रात्री बाराला थर्माससारखाच लागतो आणि उपाशीपोटी चार कप झाले की पित्त ठरलेलं.

पण माझं बिनसलं ते एकाच गोष्टीवरून, कॅन अर्धा पिता येत नाही. फोडला की गॅस जातो म्हणून संपवायचाच, आणि थंड गोड असल्यानं दोन मिनिटांत संपतोही. चहा कसा, दोनात तीन करा, दोन घोट घेऊन ठेवून द्या, कुणी विचारत नाही. मी ११ ला कॅन प्यायचो, अडीचला पुस्तक मिटायचो आणि मग झोपच येइना, उशीला कान टेकला की कानातच धडधड. कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात हे लई उशिरा कळलं, म्हणजे पहाटे ४ ला पण अर्धा कॅन अंगात होताच की. सकाळी टेस्टला ४६ चं उत्तर ४७ च्या गोळ्यात रंगवलं आन् तिथून पुढची सगळी रांगच सरकली.

चहात पण कॅफिनच असतं, मान्य. पण आपल्याकडं या ड्रिंकमध्ये लिटरमागं ३०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनात ७५ पर्यंत. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं पोरांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागं ३ मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित धरलंय, मग ५० किलोचं पोरगं दोन कॅनातच तिथं पोचतं, वरून मेसचा चहा वेगळा. लहान मुलांसाठी नाही असं कॅनवर बारीक अक्षरात असतंच, पण आम्हाला वाचायला आधीच काय कमी होतं. २०२४ च्या जुलैत तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं की शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनवाल्या ड्रिंकची विक्री बंद करणार. ट्यूशनपासूनचं अंतर कोण मोजणार, हे काही कळलं नाही.

आता प्रकृती ज्याची त्याची, माझा उदगीरचा रूममेट दोन कॅन पिऊन घोरायचा. पण ज्याला आधीच धडधडतं किंवा हृदयाचं काही आहे त्यानं नादी न लागलेलं बरं, असं आपलं मला वाटतं.

भाच्याला माझा जुना थर्मास गावातल्या एकाच्या हाती पाठवलाय. झाकण जरा ढिलं झालंय तेवढं सांभाळ म्हटलं, आणि ९ नंतर भरू नको.